शेठ वालचंद हिराचंद व मोटारीचा कारखाना

जुन्या मोटारीच्या इंजिनावर, हवेच्या गाळणीखाली, दोन मुठींत मावेल एवढे एक धातूचे पात्र बसविलेले असे. त्यास कार्ब्युरेटर म्हणतात. आमच्या मराठवाड्यातील मिस्त्री त्याचा उच्चार काब्रेटर असा करतात. हल्लीच्या मोटारीत हे पात्र नसते, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी ते पाहिलेही नसेल. परंतु त्यांच्या पालकांस फियाट अथवा प्रीमियर पद्मिनी ही लहानशी मोटार चांगली स्मरत असेल, आणि थंडीच्या सकाळी चोक ओढून ती सुरू करण्याची यातायातही स्मरत असेल. ती मोटार ह्या देशात तयार व्हावी म्हणून ज्यांनी आयुष्याची अखेरची चौदा वर्षे झीज सोसली, त्या शेठ वालचंद हिराचंद ह्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. ते सांगता सांगता कार्ब्युरेटराचीही हकीकत येईल, कारण मोटार जोडणे व मोटार निर्माण करणे ह्यांतील अंतर ह्या लहानशा पात्रावरून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच दिसेल.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे मूळचे गुजरातेतील, पंथाने दिगंबर जैन, आडनाव दोशी. वडील हिराचंद नेमचंद हे सावकारी व कापसाचा व्यापार करीत. घरची रीत अशी की मुलाने गादीवर बसावे, वही लिहावी आणि व्याज मोजावे. वालचंद मॅट्रिक होऊन मुंबईस व पुण्यास कॉलेजात गेले खरे, परंतु पदवी न घेताच परतले आणि काही काळ पेढीवर बसले. तेथे त्यांचे चित्त रमेना. व्याज मोजण्यापेक्षा काहीतरी उभे करावे, ही एकच इच्छा त्यांच्या मनात घर करून होती असे त्यांच्या पुढील चरित्रावरून दिसते.

ह्या इच्छेस वाट मिळाली ती लक्ष्मणराव बळवंत फाटक ह्या गृहस्थांमुळे. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. कामाची माहिती त्यांची व भांडवल वालचंदांचे, अशी भागी ठरली. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या जोडीने घेतलेले पहिले काम आमच्या प्रांताशी निगडित आहे, म्हणून त्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज इंजिनिअराने बांधलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली होती. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. ती पुढे निजामाच्या मुलखात न्यावयाची होती आणि त्या वाढीव मार्गापैकी येडशी ते तडवळे हा तुकडा बांधण्याचा मक्ता फाटक-वालचंद ह्यांस मिळाला. बालाघाटाच्या उतारावरचा तो मुरमाड मुलूख, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, आणि दोघेही ह्या धंद्यात नवखे. तथापि काम पुरे झाले. १९११ साली रूळ लातुरास पोहोचले आणि लातूरची कापसाची व धान्याची पेठ बाहेरच्या जगाशी जोडली गेली. एका शतकाने तो मार्ग रुंद झाला आणि जुनी लहान गाडी इतिहासजमा झाली. लातूरच्या वृद्धांस मात्र तिचा वेग अद्याप आठवतो, आणि तिच्यातून उतरून पुन्हा चढता येत असे ही थट्टाही.

पुढील मक्त्यांची यादी देऊन आम्ही वाचकांस कंटाळा आणू इच्छीत नाही. पुढे ही भागी टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन झाली, आणि १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. मुंबई-पुणे प्रवासात बोरघाटातील बोगद्यांतून गाडी जाते तेव्हा त्या कामात वालचंदांचा हात होता एवढे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

१९१९ साली त्यांनी जे धाडस केले त्यामुळे मात्र सर्व देशाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी एक जुनी आगबोट घेऊन तिचे इस्पितळ केले होते. तिचे नाव लॉयल्टी. युद्ध संपताच ती विक्रीस निघाली. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास ह्यांनी ती विकत घेतली आणि शिंदे सरकारांच्या नावावरून सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी ही बोट मुंबईहून लंडनच्या सफरीवर निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. बोट जुनी होती आणि चार वर्षांतच मोडीत निघाली. व्यवहार म्हणून पाहिले तर सौदा काही फायद्याचा ठरला नाही. पुढे लॉर्ड इंचकेप ह्यांच्या बलाढ्य ब्रिटिश कंपनीने भाडी उतरवून सिंदियास बुडविण्याचा प्रयत्न केला आणि १९२३ साली नरोत्तमशेठ व वालचंद ह्यांस मान तुकवून तह करावा लागला. तहाच्या अटींनी कंपनीच्या बोटींवर मर्यादा आली, पण कंपनी जगली. आमच्या मते वालचंदांच्या स्वभावाचे मर्म ह्या प्रसंगी दिसते. ते हट्टी होते, पण हट्टापायी संस्था बुडवणारे नव्हते.

नाशिक जिल्ह्यातील रावळगावची व पुणे जिल्ह्यात कळंबजवळ वसविलेल्या वालचंदनगरची साखर हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच पुरे की ओसाड माळावर ऊस, कारखाना व गाव ही तिन्ही उभी करण्याचा अनुभव त्यांस तेथे मिळाला.

आता मोटारीकडे वळू. १९२८ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. फोर्ड कंपनीही मागोमाग आली. जोडण्याचा, हा शब्द महत्त्वाचा आहे. इंजिन, गियर, कार्ब्युरेटर, दिवे, सारे काही पेट्यांत भरून समुद्रापलीकडून यावयाचे आणि येथील कामगारांनी मळसूत्रे आवळून मोटार उभी करावयाची. आमच्याकडे निजामाच्या रेल्वेने १९३२ साली सत्तावीस बसगाड्यांनिशी रस्ते-वाहतूक सुरू केली. त्या गाड्यांचीही इंजिने परदेशीच. एखादे लहानसे जेट बिघडले तरी त्याची वाट बोटीने पाहावी लागे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेचा प्रवास करून मोटारीच्या स्वदेशी कारखान्याची योजना तयार केली. १९३७ साली मुंबई इलाख्यात अधिकारारूढ झालेल्या बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळाने ह्या योजनेस साहाय्य करण्याची तयारी दर्शविली, आणि ती तडीस नेण्याचे काम वालचंदांनी अंगावर घेतले.

त्यासाठी ते १९३९ साली अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशी बोलणे फिसकटले. क्रायस्लर कंपनी मात्र तयार झाली. परंतु ते परत येण्याच्या सुमारास दुसरे महायुद्ध भडकले, खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि हिंदुस्थान सरकारने मोटारीचा कारखाना युद्धास आवश्यक नाही असे ठरवून आपला हात आखडता घेतला. युद्धात मोटारी लागत नाहीत, हे मत कोणत्या अनुभवावर आधारले होते ते समजणे कठीण आहे. खरे कारण उघड होते: विलायतेच्या कारखानदारांस पुढे प्रतिस्पर्धी नको होता.

ह्याच परतीच्या प्रवासात विमानात त्यांची विल्यम पॉली ह्या अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली. पॉली ह्यांचा चीनमध्ये विमाने बांधण्याचा कारखाना होता. मोटारीसाठी गेलेले वालचंद विमानाची कल्पना घेऊन घरी आले! म्हैसूर दरबारने जमीन व भांडवल दिले, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तेथील पहिले विमान आकाशात उडाले. मग जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आल्यावर, १९४२ साली, सरकारने तो कारखाना आपल्या ताब्यात घेतला. वालचंदांस मोबदला मिळाला. परंतु ज्या कारखान्याची स्थापना त्यांनी केली तो त्यांच्या हाती पुन्हा कधी आला नाही. जहाजे बांधण्याच्या त्यांच्या कारखान्याचा पाया विशाखापट्टण येथे २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते घातला गेला होता. एकाच मनुष्याने तीन वर्षांच्या आत मोटार, विमान व जहाज ह्या तिहींस हात घालावा ह्यास कोणी धैर्य म्हणेल, कोणी अविचार म्हणेल. त्या काळी दोन्ही म्हणणारे होते. एक काम पुरे होण्यापूर्वी ते दुसरे आरंभीत आणि एका कंपनीची पत दुसरीच्या उभारणीस लावीत, हा आक्षेप त्यांच्यावर पुष्कळदा घेतला जाई आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता.

अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली व मुंबईत कुर्ला येथे कारखाना उभा राहू लागला. दोन वर्षांपूर्वी बिर्लांनी हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी काढली होती. म्हणजे आता स्पर्धकही होता. १९४७ साली कुर्ल्याहून क्रायस्लरच्या नमुन्याच्या पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी ही गोष्ट घडली, म्हणून पुष्कळांस आनंद वाटला. परंतु गाडीचे झाकण उघडून पाहणाऱ्यास आत बहुतेक परदेशी मालच दिसला असता. सुटे भाग येथे घडविण्यास आरंभ झाला तो त्यानंतर, आणि एकेक करून.

हे भाग येथे घडविणे इतके अवघड का, हे कळण्यासाठी कार्ब्युरेटर काय करतो ते पाहिले पाहिजे. पेट्रोल पातळ स्वरूपात इंजिनात नीट जळत नाही. त्याचा अतिसूक्ष्म तुषार होऊन तो हवेत मिसळावा लागतो. वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे पंधरा भाग हवा, हे साधारण प्रमाण. आकारमानाने पाहिल्यास एक लिटर पेट्रोल जाळण्यास जवळजवळ नऊ हजार लिटर हवा लागते. हे प्रमाण इंजिन मंद असो वा जलद, चढ असो वा उतार, सांभाळावयाचे असते. कार्ब्युरेटरात प्रथम एक लहान हौद असतो. त्यात तरंगणारा फ्लोट पेट्रोल ठराविक पातळीस येताच सुईने वाट बंद करतो, जसे संडासाच्या टाकीत पाण्याचे होते. शेजारच्या नळीची कंबर मुद्दाम अरुंद केलेली असते. त्या कंबरेतून हवा वेगाने जाते, वेग वाढला की दाब घटतो, आणि हौदातील पेट्रोल जेटाच्या छिद्रातून वर ओढले जाऊन तुषाररूपाने हवेत मिसळते. हे छिद्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. ते किंचित मोठे झाले तर गाडी पेट्रोल पिते. किंचित लहान झाले तर चढावर दम टाकते. अशी छिद्रे हजारोंच्या संख्येने व एकसारखी पाडणे हे लोहारकाम नव्हे, घड्याळजीचे काम आहे. आणि मोटारीत असे भाग एक-दोन नसून शेकडो असतात.

तुषाराच्या ह्या युक्तीचा शोध १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख ह्यांनी लावला. त्याच वर्षी हंगेरीत बांकी व चोंका ह्या दोघांनीही स्वतंत्रपणे तसाच शोध लावला होता. मायबाख लहानपणीच पोरके झाले आणि रॉइटलिंगेन येथे गुस्ताव्ह वेर्नर ह्या धर्मोपदेशकाने चालविलेल्या अनाथगृहात वाढले. त्या गृहाला जोडून कारखाना होता. मुले तेथे रेखाटन व यंत्रकाम शिकत. कारखान्याच्या देखरेखीसाठी आलेल्या गॉटलीब डाइम्लर ह्यांनी ह्या मुलाची बुद्धी ओळखली व दोघांनी मिळून पुढे मोटारीचे इंजिन सिद्ध केले. मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ही हकीकत आवडेल म्हणून थोडे विषयांतर केले. असो.

आता ह्या पात्राची निगा कशी राखीत तेही सांगू. पुढे आलेल्या फियाटात १,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन असे व त्यावर सोलेक्स जातीचा कार्ब्युरेटर असे. गाडी झटके देऊ लागली की अडाणी मनुष्य प्रथम कार्ब्युरेटराचे स्क्रू फिरवितो. जाणता मिस्त्री तसे करीत नाही. तो आधी प्लग काढून पाहतो: टोक काळे व काजळलेले असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर हवा जास्त, बिस्किटासारखे तपकिरी असेल तर प्रमाण ठीक. मग डिस्ट्रिब्यूटरातील पॉइंटांची फट व टॅपेटांची फट तपासतो, कारण ठिणगीचा दोष कार्ब्युरेटराच्या माथी मारणे ही ह्या धंद्यातील नेहमीची चूक आहे. एवढे झाल्यावर तो झाकण उघडतो, हौदाच्या तळचा गाळ व पाणी काढतो, फ्लोट हलवून आत पेट्रोल शिरले नाही ना ते कानाशी धरून ऐकतो, आणि जेट पेट्रोलात धुऊन हवेने फुंकतो. जेटात तार कधी घालू नये. तारेने छिद्र मोठे होते आणि ते पुन्हा लहान करता येत नाही.

शेवटी जुळणी. इंजिन पुरते तापू द्यावे, चोक पूर्ण आत असावा. थ्रॉटलच्या स्क्रूने इंजिनाची संथ चाल किंचित वाढवावी. मग मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत फिरवावा. पेट्रोल घटत जाते आणि इंजिन अडखळू लागते. तेथून तो अर्ध्या अर्ध्या पावाने बाहेर घ्यावा, चाल सर्वांत जलद व एकसारखी होईल तेथे थांबावे, आणि थ्रॉटलचा स्क्रू सैल करून चाल पुन्हा संथ करावी. हे काम कानाने होते. आमच्या मुलखात ऋतूही पाहावा लागे. मे महिन्यात नांदेडच्या उन्हात पंपातच पेट्रोलाची वाफ होऊन गाडी भर रस्त्यात थांबे, तेव्हा कार्ब्युरेटर निर्दोष असे. पंपावर ओले फडके ठेवून घटकाभर वाट पाहिली की ती चालू होई. लातूर नांदेडपेक्षा अडीचशे मीटरांहून अधिक उंच आहे आणि उंचीवर हवा विरळ असते. परंतु एवढ्याशा फरकाने जुळणी बदलावी लागत नाही.

हे सारे भाग ह्या देशात, ह्या देशाच्या लोखंडातून व ह्या देशाच्या कामगारांच्या हातून व्हावेत, ही वालचंदांची इच्छा होती. ती पुरी होताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणास पंडित नेहरूंच्या हस्ते जलउषा हे जहाज पाण्यात उतरले, हा त्यांच्या आयुष्यातील अखेरचा मोठा आनंद. १९४९ साली त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. १९५० साली त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले. भावांनी, विशेषतः गुलाबचंद व लालचंद ह्यांनी, भार उचलला. पत्नी कस्तुरबाई अखेरपर्यंत शुश्रूषेस होत्या. त्यांच्या आजारपणातच इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जुळला व १९५१ पासून कुर्ल्यास लहान फियाट जोडली जाऊ लागली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते.

त्याच वर्षी सरकारने असे धोरण जाहीर केले की ज्यांना येथे सुटे भाग घडवावयाचे नाहीत त्यांनी येथे मोटारी जोडूही नयेत. जनरल मोटर्स व फोर्ड ह्यांनी आपले कारखाने बंद केले. अकरा-बारा वर्षांपूर्वी हेच धोरण असते तर वालचंदांचे किती श्रम वाचले असते! १९५४ पासून कुर्ल्यास फियाट अकराशे निघू लागली, वर्षानुवर्षे तिच्यातील स्वदेशी भाग वाढत गेला, आणि १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ज्या संरक्षणामुळे हा कारखाना जगला त्याच संरक्षणाच्या सावलीत तो सुस्तावला. गाडीचा जो आकार १९६४ साली ठरला तोच थोड्याफार फरकाने इ. स. २००० च्या सुमारास ती बंद होईपर्यंत राहिला, आणि गिऱ्हाइकास मोटारीसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागे. वालचंद जगते तर असे झाले असते काय, ह्याविषयी तर्क करण्यात अर्थ नाही. परंतु झालेल्या कामावर समाधान मानून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते एवढे आम्ही जाणतो.

नव्या शतकाच्या आरंभी धुराचे नियम कडक झाले आणि मोटारीतून कार्ब्युरेटर गेला. पेट्रोल मोजून सोडण्याचे काम विजेच्या यंत्रणेकडे आले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी नव्या दुचाकींतूनही तो बहुतेक नाहीसा केला. मुंबईच्या रस्त्यावरील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाल्या. ज्यांच्याकडे ती गाडी अद्याप आहे त्यांस जेट किंवा पंपाची रबरी पडदी मिळविण्यासाठी जुन्या बाजारात खेटे घालावे लागतात, आणि कानाने जुळणी करणारे मिस्त्री थोडे उरले आहेत.